माप

फॉर्मवर सातवा प्रश्न अरबीत, इंग्रजीत, आणि खाली
कुणीतरी पेनाने हिंदीत लिहिलेला:
शरीरात बाहेरून बसवलेलं काही आहे का?
नसीम सारंग, वय सेहेचाळीस, मूळ गाव हर्णै,
हिने 'नाही'वर खूण केली होती,
जरा जास्तच दाबून.

मनामा, ऑगस्ट. बाहेर गाडीचं दार हाताला पोळतं
आणि माझ्या खोलीत बायका कुडकुडतात.
जेल मी कोमट करून ठेवते, एवढंच माझ्या हातात.
शेजारच्या खुर्चीत तिची नणंद हमीदा,
मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात.
विचारावं हिला, उत्तर तिचं:
"डावीकडे सूज आहे. दीड महिना झाला. गर्मीने असेल."

प्रोब टेकवला आणि
फॉर्म खोटा पडला.
एक गुळगुळीत रेघ, आईच्या पोटातून येताना
कुणी घेऊन येत नाही इतकी नीट.
रेघेच्या आत काळं, ते असतंच.
रेघेच्या बाहेरही काळं.
हे नको होतं.

काळं म्हणजे पाणी.
गावी आत्या नारळ कानाशी धरून हलवायची,
आत किती आहे ते आवाजावरून सांगायची.
मीही आवाजच पाठवते, कुणाला ऐकू न येणारा,
आणि तो काय घेऊन परत येतो ते बघते.

नसीम पडद्याकडे बघत नव्हती.
माझ्या तोंडाकडे बघत होती.

"हमीदाबी, पाणी आणता का जरा?
कूलर कॉरिडॉरच्या त्या टोकाला आहे."
(एक या टोकालाही आहे.)

दार मिटलं. मी मराठीत विचारलं, किती वर्षं झाली?
ती दचकली, प्रश्नाला की मराठीला, कोण जाणे.
"आठ. अबाये शिवून साठवलेले पैसे होते, माझे स्वतःचे.
त्यांना ठाऊक आहे. घरात बाकी कुणाला नाही."
मग हळूच: "फुटलंय का?"

फुटलेलं नाही, एवढं सांगितलं.
बाकीचं सांगायची मला परवानगी नाही:
की परक्या वस्तूभोवती शरीर एक पिशवी विणतं,
की क्वचित, फार क्वचित, वर्षांनी त्या पिशवीत
राखणदार पेशीच बिघडतात,
की हा स्तनाचा कॅन्सर नव्हे, याचं नाव लांबलचक आहे
आणि मराठीत त्याला अजून कुणी हाक मारलेली नाही,
की पिशवीतच असेल तर पिशवीसकट काढून
बहुतेक जणी घरी जातात.
आणि की नुसतं पाणीही असू शकतं.

आमच्या डॉक्टरांचे पणजोबा मुहर्रकहून
मोत्यांसाठी बुड्या मारायचे.
हे समजावताना ते शिंपल्याची उपमा देतात.
मी देत नाही. शिंपल्याला नणंद नसते.

डॉक्टरांनी सुई घातली, मी वाट दाखवली.
नळीत आलं ते फिकट, गढूळ, पेजेच्या निवळीसारखं.
पासष्ट मिलिलिटर. लेबलवर तिचं नाव मी दोनदा तपासलं.

गुरुवारी मोठा स्कॅन. सहा तास काही खायचं नाही.
शिरेतून साखर देतात,
जिथे पेशी हावरटासारख्या खातात, तिथे उजळतं.
"पाणी चालतं?" तिने विचारलं.
भरपूर प्या, म्हटलं.
"मग रोजापेक्षा सोपं," नसीम म्हणाली,
आणि त्या खोलीत पहिल्यांदाच कुणीतरी हसलं.

कूलरपर्यंत जाऊन यायला हमीदाला पाऊण तास लागला.
कागदी ग्लास मऊ पडला होता.
तो टेबलावर ठेवून ती नसीमच्या मागे गेली,
गाऊनच्या नाड्या बांधू लागली,
शिंप्याच्या सवयीने, आधी वरची, मग खालची.
"माप मीच घेते हिचं," ती म्हणाली.
कुणाला, ते कळलं नाही.
"आठ वर्षं मीच घेते."

मी रिपोर्टमध्ये आकडे भरत होते.
लांबी. रुंदी. खोली.

गुरुवारचा फॉर्म हमीदाने भरायला घेतला.
नाव, वय, पासपोर्ट, ॲलर्जी.
सातव्या प्रश्नाशी थांबली
आणि पेन नसीमच्या हातात दिलं.